आत्याची साठी

कातरकामाचं लांबलचक टेबल जेवणासाठी मोकळं करायचं म्हटलं की काकूंचा जीव वरखाली व्हायचा. एरवी त्या टेबलाला कुणी कोपर टेकलेलंही त्यांना चालत नसे. आज मात्र त्यांनी स्वतःच ओलं फडकं घेऊन खडूच्या रेघा पुसल्या, कात्र्या खणात लोटल्या आणि गुणगुणत पाव, फळं, ताटल्या मांडायला घेतल्या.

"वहिनी, एवढी खूश? माझी साठी आहे की तुला लॉटरी लागलीय?" आत्या दारातूनच ओरडली. आत्याला हळू बोलता येत नसे. तिनं कानात सांगितलेलं गुपित शिवणयंत्रांच्या खडखडाटावर मात करून गोदामापर्यंत पोचायचं.

"ताई, आजच्या दिवशी तरी जरा पोक्त वागा," काकू म्हणाल्या.

"पोक्त व्हायला मी काय चिंच आहे?"

काकू हसल्या, पण हात थांबला नाही. खूश असण्याचं कारण त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. तंबूंच्या या कारखान्यात साठी म्हणजे नुसता वाढदिवस नव्हे. आत्याचे वडील अप्पा एकसष्टाव्या वर्षी खांबावरून पडले आणि पुन्हा उठले नाहीत, तेव्हापासून तिच्या मोठ्या भावाचा, थोरल्यांचा, नियम होता : साठ पूर्ण झाली की मैदान बंद. ज्याची साठी, त्याला कारखान्यातच शिवलेली कापडी खुर्ची मिळायची, आणि ती ओसरीवरच्या ओळीत जाऊन बसायची. तिथं बसून जुनी माणसं जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक टाक्याला नावं ठेवत.

आत्या खुर्चीत बसली की हाक मोकळी होणार होती. तंबू उभारताना मुख्य खांबाला तळहात लावून जो उभा राहतो आणि चारी बाजूंच्या दोरांवरच्या माणसांना 'धरा', 'ओढा', 'थांबा' सांगतो, त्याचं ते काम. हाक देणारा ओढत नाही. नुसता उभा राहतो आणि ओरडतो. आणि काकूंच्या मुलानं, सगळे ज्याला लहानपणापासून पैलवान म्हणत त्यानं, दोनएक वर्षांपूर्वी डाव्या हातानं केस विंचरायला सुरुवात केली होती. का, ते त्यानं आईला सांगितलं नव्हतं. आईनंही विचारलं नव्हतं. पण सगळ्यात जास्त ताण घेणाऱ्या पहिल्या दोरावर तो होता, आणि तिथून त्याला उतरवायचा दुसरा कुठलाच मार्ग तिला दिसत नव्हता.

---

थोरल्यांनी खुर्ची स्वतः उचलून आणली. सदुसष्टाव्या वर्षीही त्यांची पाठ ताठ होती, आणि ती ताठ आहे हे लोकांना दिसावं याची ते काळजी घेत.

"बस," ते बहिणीला म्हणाले.

आत्यानं खुर्चीभोवती एक चक्कर मारली. शिवण बोटानं चाचपली. "टाके छान आहेत. कुणी घातले?"

"मी," पैलवान म्हणाला.

"मग वहिनीला बसव. तुझी आई सकाळपासून उभी आहे."

"चेष्टा पुरे," थोरले म्हणाले. "दुपारी शाळेच्या बाई येतायत. वादळात त्यांचं छप्पर गेलंय, सोमवारपासून तीनशे पोरं आपल्या तंबूखाली बसणार आहेत. त्यांच्यासमोर तो उभा करून दाखवायचाय. त्याच्या आत हे उरकून घेऊ. आजपासून हाक पैलवानाची."

"आज सकाळी मी उठले तेव्हा घसा तपासला, दादा. कालचाच होता."

"घशाचा प्रश्न नाही. नियमाचा आहे."

"नियम अप्पांच्या पडण्याचा आहे. अप्पा खांबावर चढले होते. मी खांबाला हात लावून जमिनीवर उभी असते. जमिनीवरून पडून कुठे जाणार?"

थोरल्यांना उत्तर माहीत होतं, पण ते जेवणाच्या टेबलावर देण्यासारखं नव्हतं. सात वर्षांपूर्वी याच टेबलाशी त्यांनी स्वतःच स्वतःला खुर्ची दिली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मैदानावर तंबू चढत होता आणि ते कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहून आत्याची हाक ऐकत होते. तिनं 'ओढा' म्हटलं की इकडे त्यांच्या पोटऱ्या ताणल्या जायच्या. सात वर्षं ताणल्या जात होत्या.

"मी बसलो ना?" ते एवढंच म्हणाले. "मग तुला काय वेगळं सोनं लागलंय?"

एवढ्यात छोटीचं बाळ चमचा आपटून आपटून जोरात हसलं, आणि सगळ्यांना एकदम पाव हवासा वाटू लागला.

---

छोटी थोरल्यांची मुलगी. एकतीस वर्षांची होऊन, आठ महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊनही ती छोटीच होती. बाळ होण्याआधी ती मैदानावर दोर ओढायची. परत आल्यावर वडिलांनी तिला टेलिफोनजवळ बसवलं होतं : थोडे दिवस, दमानं घे, म्हणून. थोडे दिवस संपायचं नाव घेत नव्हते. गंमत म्हणजे मत द्यायची वेळ आली की ती लहान असायची, आणि काम मागायची वेळ आली की आई झालेली.

"बाबा, एक विचारू?" बाळाच्या मुठीतून टेबलपुसणं सोडवत ती म्हणाली. "आत्या कामात किती वर्षांची आहे?"

"म्हणजे?"

"जन्माचं वय सोडा. आत्याचे यजमान गेल्यावर ती इथं आली ती पन्नाशी उलटल्यावर. हाक तर त्याच्याही नंतर घेतली. कामात ती आठ-नऊ वर्षांची पोर आहे. आत्ता कुठं तिला रंग चढलाय. आणि तुम्ही तिला म्हातारी म्हणून उतरवताय."

"पोर! ऐकलंस वहिनी? मला खाऊ आण."

काकूंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. छोटीनं दार उघडलं होतं, आणि त्यातून आपल्याला आत शिरता येईल हे त्यांना लगेच दिसलं.

"बरोबर बोललीस ग. कामाचंच वय धरू," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा शाळा सुटल्या सुटल्या दोराला लागला. कामात वीस वर्षांचा झालाय. मग हाक वडीलधाऱ्याची की पोरीची? भाऊजी, तुम्हीच सांगा."

छोटीनं ओठ चावला. आपण फेकलेला दोर दुसऱ्यानंच धरून ओढावा तसं झालं.

"हे बघा, असं वय वाटत बसलात तर कुणाचा मेळ लागणार नाही," थोरले म्हणाले. पण आवाजात मघाचा ताठा नव्हता.

"लागेल की," आत्या म्हणाली. "मोजू या ना! माझे गुडघे सत्तरीचे. पायऱ्या चढताना दोघांचं भांडण ऐकू येतं. डोळे पासष्टीचे. कान चाळिशीचे, नको ते सगळं ऐकतात."

"आणि जीभ सोळाची," काकू म्हणाल्या.

"सोळाची कसली, दात यायच्या आधीची आहे. छोटे, तुझं काय?"

"झोप ऐंशीची," छोटी म्हणाली. "आणि या अंगाला आठ महिने झालेत. हे जुनं अंग नव्हेच. कंबर नवीन, केस नवीन, राग तर अगदी कोरा. पण दंड बघ." तिनं बाळाला एका हातावर उचलून धरलं. बाळानं वरून सगळ्यांकडे मालकासारखं पाहिलं. "आठ महिने हे नऊ किलो दिवसरात्र उचलतेय. टेलिफोनचा रिसीव्हर उचलायला एवढी तालीम लागत नाही, बाबा."

थोरले हसायला नको म्हणून खोकले.

"आणि पैलवान, तू?" आत्यानं विचारलं. "तू का मुका? तुझ्याच हाकेचं चाललंय सगळं."

---

पैलवानानं चहाचा कप डाव्या हातात घेतला होता. तो त्यानं खाली ठेवला आणि उजवा हात टेबलावर आणला. उचलून नव्हे, सरकवत आणला. आईकडे पाहिलं. आईनं डोळ्यांनीच नको म्हटलं. तिला सगळं माहीत होतं हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि मग लपवण्यात काही अर्थच उरला नाही.

"हा खांदा साठीचा आहे, काका," तो म्हणाला. "कदाचित जास्तच. वर जात नाही. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं?" थोरल्यांचा घास हातातच राहिला. "पहिला दोर तूच ओढतोस!"

"कमरेनं ओढतो. पायांनी ओढतो. मागचे सांभाळून घेतात."

"मग सांगायचं नाही?"

"कुणाला? सांगायला गेलो की विचारणार, वय किती? पस्तीस. पस्तिशीच्या माणसाला खुर्ची कोण देणार? साठीच्या आतला माणूस इथं तरुण असतो. तरुणाचं काही दुखत नाही."

काकूंनी पदर तोंडाशी नेला.

"म्हणूनच हाक त्याला द्या म्हणतेय ना मी," त्या अखेर म्हणाल्या. "मला काय तोरा मिरवायचाय? ओढावं लागणार नाही म्हणून. तेवढा एकच रस्ता होता माझ्यापाशी."

"आई, मला हाक येत नाही," पैलवान म्हणाला. "मी ओरडलो तर माझं मलाच हसू येतं. चाळीस माणसं तोंडाकडे बघायला लागली की मला घरी जावंसं वाटतं. आत्याला उलट आहे. तिला चाळीस कमी पडतात."

"हे मात्र खरं," आत्या म्हणाली.

"मग तुला करायचंय तरी काय?" थोरल्यांनी विचारलं. रागानं नाही. आपण हा प्रश्न वीस वर्षांत एकदाही विचारला नाही, हे विचारता विचारताच त्यांच्या लक्षात आलं.

पैलवानानं टेबलावर तळहात फिरवला. ओल्या फडक्याच्या तावडीतून सुटलेली खडूची एक पुसट रेघ होती, तिच्यावर त्याचं बोट थांबलं.

"हे," तो म्हणाला. "कातरकाम. आई, या तंबूचा माथा कुणी कापला?"

काकू एकदम ताटल्या गोळा करायला लागल्या. माथा म्हणजे जिथं कापडाचे सगळे पट्टे येऊन मिळतात ती जागा. तिथं केसभर चुकलं तर पाऊस आत येतो.

"ताटली ठेव ग," आत्या म्हणाली. "कुणी कापला?"

"यानं," काकू पुटपुटल्या. "मला बारीक रेघ दिसत नाही आताशा. मी आखायचे, आणि सकाळी येऊन बघते तर रेघा सुधारलेल्या. आधी वाटलं मीच नीट आखल्या. मग एक दिवस खडू सापडला याच्या खिशात, कपडे धुताना. मी काही बोलले नाही. हाही बोलला नाही. मला साठीला अजून दोन वर्षं आहेत, भाऊजी. मला वाटलं, तेवढी निभावून नेऊ."

थोरल्यांनी ताट बाजूला सारलं. एकेकाकडे पाहिलं : बहिणीकडे, भावजयीकडे, पुतण्याकडे, पोटच्या मुलीकडे.

"म्हणजे या घरात प्रत्येकजण दुसऱ्याचं वय झाकत होता," ते सावकाश म्हणाले, "आणि मी जन्मतारखा सांभाळत बसलो होतो."

बाहेर गाडीचं दार वाजलं. शाळेच्या बाई वेळेआधीच आल्या होत्या.

---

बाई उंच, घाईच्या आणि वादळानंतर नीट न झोपलेल्या होत्या. त्या दारातच उभ्या राहिल्या. टेबलावर पसरलेलं जेवण आणि त्याभोवतीचे चेहरे बघून त्यांना वाटलं, आपण कुणाच्या तरी भांडणात आलो. थोरल्यांनी आत्यासाठी आणलेली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "बसा. हिच्यात बसायला आमच्याकडे सध्या कुणी नाहीय."

आत्याचं तोंड उघडं राहिलं. काकूंच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"तू बोल," थोरले बहिणीला म्हणाले. "नियम नको. तुला काय येतं आणि काय येत नाही ते सांग. खरं सांग."

आत्यानं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "खांबावर मी चढणार नाही, कुणी चढवलंच तर उतरवायला क्रेन आणा. तिन्हीसांजेनंतर मला दोर एकमेकांत गुंतलेले दिसतात, तेव्हा अंधार पडायच्या वेळी मी उभी राहणार नाही. आणि ज्या दिवशी माझा घसा किंवा माझं डोकं मला दगा देईल त्या दिवशी मीच सांगेन. नाही सांगितलं तर वहिनी सांगेल, तिला माझ्याबद्दल वाईट बोलायला आवडतं."

"फार," काकू म्हणाल्या.

"पण आजची हाक माझी."

"घे," थोरले म्हणाले. एकच शब्द. पण तो बोलताना त्यांचे खांदे हातभर खाली आले. "पैलवान, आजपासून दोराला हात लावायचा नाहीस. उद्या डॉक्टरकडे, परवापासून हे टेबल. वहिनी, याला शिकवा. ओळीनं सगळं शिकवा. रेघ त्याची, नजर तुमची. कापड हाताला कसं लागतं ते त्याला अजून कुठं कळतंय?"

"कळत नाहीच," काकू म्हणाल्या. "परवा जाड कापड उलटं अंथरून बसला होता."

"मग पहिला दोर कोण धरणार?" पैलवानानं विचारलं.

छोटी आधीच उठली होती. बाळ काकूंच्या मांडीवर गेलं होतं.

"बाळ आहे तुला," थोरले सवयीनं म्हणाले.

"बाळाला दोराला बांधणार नाहीय मी, बाबा. डॉक्टरीणबाईंनी कधीच सांगितलंय, काय उचलायचं ते उचल. चार वर्षं पैलवानाच्या पाठीमागे उभी राहून ओढलाय मी तो दोर. त्याच्या खांद्याचा जोर कधी कमी झाला, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

पैलवान वळून तिच्याकडे बघत राहिला. मागचे सांभाळून घेतात, असं तो म्हणाला होता. मागचं कोण, ते त्यानं कधी वळून पाहिलंच नव्हतं.

---

मैदानावर कापड जमिनीभर पसरलं होतं, राखाडी, सुस्त. मधोमध मुख्य खांब. चारी बाजूंना दोरांवर माणसं. वारा उगाच इकडून तिकडे हिंडत होता.

आत्या खांबाशी गेली. चपला काढल्या. उजवा तळहात लाकडाला लावला आणि डोळे मिटले. मग उघडले.

"धराऽऽ!"

चारी दोर उचलले गेले.

"चौथ्यावर ढिलाई आहे! माणूस कमी आहे तिथं!" आत्या गरजली. मग कार्यालयाच्या खिडकीकडे पाहून म्हणाली, "दादा! तिथं काय उभा आहेस काचेच्या मागे? चौथा दोर!"

थोरले सवयीनं खिडकीशी जाऊन उभे राहिले होते. त्यांनी छातीवर बोट ठेवून विचारलं, मी?

"नाही, तुझी सावली! ये लवकर!"

सदुसष्ट वर्षांचा माणूस पळत नाही, असं थोरल्यांचं मत होतं. ते पळत आले. चौथ्या दोराच्या शेवटच्या टोकाशी, सगळ्यांच्या मागे, त्यांनी जागा धरली. पुढच्या तरुण कारागिरानं वळून पाहिलं आणि पुन्हा घाईघाईनं पुढे बघितलं. मालक रडतायत की डोळ्यांत धूळ गेलीय हे ठरवणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

"ओढाऽऽ!"

कापड हललं. पोटाखाली हवा घेत उठू लागलं. "ओढा! अजून! ओढा!" माथा खांबावरून सरकत निघाला, गुडघ्याएवढा, माणसाएवढा, दोन माणसांएवढा. पैलवान खाली उभा राहून, मान वर करून, माथ्यासोबत गोल फिरत होता, ओठ हलवत, एकेक शिवण वाचत.

अर्ध्यात वाऱ्यानं डाव साधला. एका बाजूनं आत घुसला आणि सगळं कापड धाडकन फुगलं. शाळेच्या बाई ओरडल्या.

"थांबाऽऽ! जिथं आहात तिथं!"

छोटीच्या तळव्यांतून दोर वीतभर सरकला, कातडी जळाली. तिनं टाचा मातीत रोवल्या. ओसरीवर बाळ भुकेनं रडायला लागलं, आणि त्या आवाजासरशी तिच्या सदऱ्यावर दोन ओले डाग उमटले. "येते रे राजा," ती दात आवळून म्हणाली. "एवढं वर चढू दे. येतेच." दोर सुटला नाही. मागची माणसं तिच्या पाठीकडे बघून श्वास घेत होती.

आत्याचा तळहात लाकडावर होता. खांब थरथरत होता. तिनं घाई केली नाही. चाळीस माणसं तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, आणि ती खांबाचं ऐकत उभी राहिली. थरथर कमी झाली. आणखी कमी झाली.

"आताऽऽ! ओढाऽऽ!"

आणि तंबू गेला वर. एका दमात, एखादा मोठा प्राणी उठून उभा राहावा तसा. कप्पी टणकन वाजली, माथा खांबाच्या टोकाला जाऊन टेकला, चारी बाजूंचे ताणदोर खुंट्यांना बसले आणि मैदानावर एकदम सावली पडली. स्वच्छ, गोल, तीनशे पोरांना पुरेल एवढी.

पैलवान मधोमध उभा होता. "उजेड येत नाहीय," तो म्हणाला. "आई! माथ्यातून उजेड येत नाहीय कुठूनच!"

काकू बाळाला घेऊन आत धावल्या. त्यांना माथा नीट दिसत नव्हता. पण मुलाचा चेहरा दिसत होता, आणि तो पुरेसा होता. छोटीनं बाळाला ओढून घेतलं आणि तिथंच मातीत मांडी घालून छातीशी धरलं. जळालेल्या तळव्यावर ती घालत असलेली फुंकर कधी तळव्याला, कधी बाळाच्या कपाळाला लागत होती.

शाळेच्या बाई वर बघत फिरत होत्या. "अहो, इथं फळा लावता येईल," त्या म्हणत होत्या, "आणि इथं लहान मुलं, आणि इथं…" मग त्या बोलायच्या थांबल्या आणि नुसत्याच हसत राहिल्या.

सगळ्यात शेवटी थोरले आत आले. धापा टाकत, शर्ट पाठीला चिकटलेला, तळहात लालभडक. आत्या अजून खांबाशीच होती.

"दमलास, दादा?"

"दमलो," थोरले म्हणाले. त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ. मग कपाळावरचा घाम बाहीला पुसला.

"ए," ते म्हणाले, "उतरवून परत एकदा चढवू या का?"